मूग गिळून

माझ्या धाकट्या भावाला सगळे भोंगा म्हणतात. बोलायला लागल्यापासून त्याचं तोंड म्हणून बंद नाही. तोच भोंगा हॉस्पिटलच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून गप्प पडला होता, आणि माझं डोकं फिरलं होतं.

पाठीतलं पाणी तपासलं तेव्हाच मेंदूज्वर ठरला होता. शिरेतून औषधं चालू होती, पण ताप काही हटेना. मान आखडलीय म्हटलं, की जो तो म्हणे, "मेंदूज्वरात मान आखडतेच." झालं, विषय संपला.

सकाळी डॉक्टरबाई आल्या. "घसा दुखतो का रे?" त्यांनी विचारलं. भोंग्याने नुसते डोळे मिटले. मी तडकलेच.

"बघा ना! मी बळंच इथे आणलं म्हणून रुसलाय. कालपासून मूग गिळून बसलाय नुसता!"

दाराकडे वळलेल्या बाई थांबल्या. "गिळतोय? काय गिळतोय?"

"अहो, म्हणायची पद्धत आहे."

"ते कळलं हो. पण खरंच, पाणी तरी गिळलंय का त्याने?"

पेला भरलेला तसाच होता. उशीवरचा टॉवेल ओला होता. घाम समजून मी तो सारखी बदलत होते. घाम कसला, लाळ होती ती!

बाईंनी तोंड उघडायला सांगितलं. जबडा धड दोन बोटंही उघडेना. मग त्यांनी मान हलवून पाहिली.

"मेंदूज्वरात मान पुढे वाकत नाही. याची तर बाजूलाही वळत नाहीये." त्या नर्सकडे वळल्या. "भूलतज्ज्ञांना बोलवा, पळा! घशामागे पू असला तर श्वासाची वाट बंद होईल. उताणं झोपवू नका त्याला."

आम्ही त्याला बसतं केलं. श्वास घरघरायला लागला होता. त्याने माझं मनगट गच्च धरलं.

"मेल्या, श्वास घे!" मी ओरडले, आणि जीभ चावली. काय बोलून गेले मी!

आधी घशात नळी घातली, मग मानेचा स्कॅन झाला. घशामागे खोलवर पू दिसला. तिथूनच संसर्ग मेंदूपर्यंत पोचला असावा, असं बाई म्हणाल्या. ऑपरेशन करून पू काढला.

नळी निघाल्यावर बाईंनी त्याला चमचाभर पाणी दिलं. मी त्याच्या गळ्याकडे बघत राहिले. घाटी वर गेली, खाली आली. गिळलं! मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना.

भोंग्याने माझ्याकडे पाहिलं आणि फाटक्या आवाजात विचारलं, "ताई, आता तू गिळलेस का मूग?"