मांडीवरची हद्द

खिळा मांडीत रुतला आणि सुताराला ते कळलंच नाही. मांडीवर फळी घेऊन तो बिजागरीची जागा आखत होता. चहा घेऊन आलेली बायको ओरडली, "अहो, विजारीला रक्त!" तेव्हा कुठे त्याने खाली पाहिलं.

मेव्हण्याने ऐकलं मात्र, लगेच तोंड पाडून म्हणाला, "दाजी, ही अर्धांगाची सुरुवात."

सुतार घाबरला, पण घटकाभरच. मग त्याने त्या पायावर वीस वेळा स्टुलावर चढउतार करून पाहिली. पाय जराही डगमगला नाही. ताकद जागच्या जागी, मग स्पर्श तेवढा पळाला कुठे? ही गोष्ट त्याला स्वस्थ बसू देईना.

दुपारी त्याने विजार वर खोचली, डोळे मिटले आणि बायकोच्या हातात सुई दिली. "टोच. हळू हं."

"लागलं?"

"नाही."

"आता?"

"टोच की!"

"अहो, टोचलीच आहे. बरं, आता?"

"आई गं!"

"मग इथे हद्द," असं म्हणून तिने बॉलपेनाने ठिपका दिला. तासाभरात ठिपके जोडून झाले. कमरेखालून निघून, मांडीच्या बाहेरच्या अंगाने गुडघ्याच्या जरा वर संपणारा लांबट, चपलेच्या तळव्यासारखा आकार. आत सगळं मुकं, बाहेर सगळं जागं.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून थेट दवाखान्यात गेला. डॉक्टरबाईंनी मांडी पाहिली आणि चष्मा वर सरकवला. "हे कुणी काढलं?"

"आम्हीच. बायको टोचत होती."

बाईंनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढून एक चित्र उघडलं. तोच तळवा! सुतार बघतच राहिला.

बाईंनी त्याचा अंगठा कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर ठेवला. "याच्या आतल्या बाजूने एक नस मांडीत उतरते. ती फक्त कातडीची खबर वर पोचवते. पाय उचलणाऱ्या स्नायूंना ती हातही लावत नाही. ती कुठेतरी दाबली जातेय."

"आणि पाय उचलतं कोण?"

बाहेर रांग होती, तरी बाईंनी कागद ओढला. मधोमध शरीरातलं सगळ्यात लांब हाड, पुढे गुडघा सरळ करणारे चार स्नायू, मागे तो वाकवणारे तीन. सुताराने एकेकावर बोट ठेवून विचारलं, बाईंनीही हौसेने सांगितलं.

जाताना त्याने खुर्चीवरचा अवजारांचा पट्टा उचलून कमरेला आवळला. हातोडी, पटाशा, खिळ्यांची पिशवी, सगळ्यांचा भार थेट त्या हाडाच्या टोकावर आला. तो दारातच थबकला. "बाई, चोर सापडला! बारा वर्षं मीच कमरेला बांधून हिंडतोय."

त्याने पट्ट्याला खांद्यावरून दोन वाद्या जोडल्या आणि कंबर सैल सोडली. दर रविवारी सुई निघे, हद्द नव्याने आखली जाई. दोन महिन्यांत तळव्याची तळहाताएवढी जागा उरली. मेव्हण्याने अर्धांगाचा विषय परत काढला नाही.

एका रविवारी आखणी आटोपल्यावर बायको सुई पुढे करत म्हणाली, "आता माझी बघा."

"तुला काय झालंय?"

"काही नाही. पण बघायला काय हरकत आहे?"

ती डोळे मिटून बसली. "लागलं. लागलं. लागलं." कमरेपासून गुडघ्यापर्यंत एकही ठिपका पडला नाही. तिचं तोंड जरासं उतरलं.

"थांबा," ती म्हणाली, "दुसरा पाय राहिलाय."