सुनेच्या बोलण्याने चढलेला रक्तदाब

कुदोंच्या घरी त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे बर्फ उपसून झाला होता. घरचे कर्ते तोकुजिरो छपरावरचा बर्फ खाली लोटून आले, खांद्यावरची गवती घोंगडी झटकली आणि आगटीपाशी आपल्या जागेवर बसले. सातोएने, त्यांच्या सुनेने, पुढे भात ठेवला, मिसोचे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या खारट लगद्याचे, वाफाळते सूप ठेवले आणि धुरावलेल्या मुळ्याचे लोणचे ठेवले. तोकुजिरोंनी लोणच्याची फोड आधी सोया सॉसमध्ये बुडवली, मग तोंडात टाकली. वय त्रेसष्ट, पण चेहरा लालबुंद. आमच्या खोऱ्यात लाल चेहरा म्हणजे तब्येत असे मानतात. अशाच लाल चेहऱ्याची माणसे पन्नाशी-साठीत, ऐन हिवाळ्यात, एकेक करून कोसळतात. तोंड वाकडे होते, अर्धे अंग जाते. आम्ही त्याला वाऱ्याचा तडाखा म्हणतो. तो का बसतो, हे कोणी विचारत नाही. मात्र घरचा कर्ता पडला की एक गोष्ट हमखास विचारली जाते: त्याला राग कोणी आणला? आणि उत्तर दर वेळी स्वयंपाकघरात सापडते.

जेवण उरकत आले तोच नोरोबाई आल्या. त्या गावकचेरीच्या आरोग्य नर्स. किनाऱ्याकडच्या, चाळिशीच्या, लग्न न केलेल्या. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायला गावाला विषय भरपूर होता. चार वर्षे त्या घरोघर फिरून दाब मोजत होत्या. बहुतेक पुरुष त्यांना दारातून परत पाठवीत. तोकुजिरो मात्र आनंदाने हात पुढे करीत, कारण आपला आकडा गावात सर्वांत मोठा आहे याचा त्यांना अभिमान होता.

त्या दिवशी वरचा आकडा दोनशे चौदा आला, खालचा एकशे अठरा.

“आणि त्या खालच्या वाडीतल्या इवाओचा?” तोकुजिरोंनी विचारले. नोरोबाईंनी दुसऱ्याचा आकडा सांगायला नकार दिला, तेव्हा ते हसून म्हणाले, “नका सांगू. त्याच्या अंगात जोरच नाही, दाब कुठून येणार?”

नोरोबाई म्हणाल्या की आत्ताच फावडे मारून आलात, थोडा वेळ गप्प बसा. पाव तासाने पुन्हा मोजले, दोनशे दोन. मग चार वर्षे जे सांगत आल्या तेच त्यांनी पुन्हा सांगितले. कष्टाने दाब चढतो, थंडीने चढतो, दारूने, रागानेही चढतो, पण धडधाकट माणसाचा दाब थोड्या वेळाने आपला आपण उतरतो. तुमचा उतरत नाही. चाळीस वर्षांच्या मिठाने आणि दारूने तुमच्या रक्तवाहिन्या जुन्या रबरासारख्या कडक झाल्या आहेत. उन्हाळ्यात थोडा कमी भरतो, हिवाळ्यात पुन्हा वर जातो. शहरात जाऊन डॉक्टरांकडून गोळ्या घ्या, लोणचे कमी करा, सूप एक वाटीच घ्या, संडासात जाताना अंगावर काही गरम घ्या.

तोकुजिरोंनी जांभई दिली. त्यांच्या बायकोला, किसाला, मात्र हे झोंबले. “या घरात अकरा पिंपं लोणचं मुरतं, बाई,” ती म्हणाली. “तुमच्या खोलीत एक तरी आहे का? की तुमच्या हातचं खायलाच कोणी नाही?”

नोरोबाईंनी वही मिटली, नमस्कार केला आणि पुढच्या घराकडे निघाल्या.

हे सगळे सातोए आतून ऐकत होती. लग्नाला चौदा महिने झाले होते, मुलगी चार महिन्यांची होती. बायकांच्या सभेत नोरोबाईंनी सुपातले मीठ कसे मोजायचे ते दाखवले तेव्हाही ती मागच्या रांगेत होती. पण आजवर तिने सासू सांगेल तितकाच मिसो घातला होता. सुपाची चव पाहून किसा दर वेळी “अजून” म्हणायची आणि सातोए अजून घालायची. सून आंघोळ सगळ्यांनंतर करते, जेवते सगळ्यांनंतर, आणि काही बोलायचे झाले तर चटईवर हात टेकून “चुकले” एवढेच बोलते. आमच्याकडे वळण म्हणतात ते हेच.

त्या दिवसापासून ती मिसो रोज थोडा कमी घालू लागली. दहाव्या दिवशी तोकुजिरोंच्या जिभेला ते कळले.

“हे काय आहे? भांडी धुतलेलं पाणी?”

“मला विचारू नका,” किसा म्हणाली. “तुमची सून नर्सबाईंची शिष्या झालीय.”

सातोएने चटईवर हात टेकले. पण “चुकले” हा शब्द तिच्या तोंडून आला नाही. ती म्हणाली, “बाबा, मिसो मीच कमी घातला. तुमचा दाब दोनशेच्या वर आहे. तुम्हाला काही झालं तर या पोरीला मी दुसरा आजोबा कुठून आणू?”

तोकुजिरोंनी सुपाची वाटी आगटीत ओतली. राख उडाली. त्यांनी मुलाला, मोतोइचीला, विचारले की तुझी बायको आता मला शिकवणार का. मोतोइची भाताकडे पाहत राहिला. म्हाताऱ्याने पिंपातून ताजे लोणचे काढायला लावले, त्याबरोबर दोन वाट्या साके, तांदळाची दारू, प्याला, आणि तसाच उठून, जाड कोटही न घालता, छपरावर चढला. तासभर बर्फ लोटत होता. खाली उतरून घरामागच्या संडासात गेला. त्याच्या फळ्यांतून वारा थेट आत येई. तिथेच तो पडला.

तीन दिवस जगला, पण एक शब्द बोलला नाही. या तीन दिवसांत त्याची कूस बदलली सातोएने, अंग पुसले सातोएने, पाणी चमच्याने पाजले सातोएने. किसा अंगणात आलेल्या बायकांना एकच वाक्य सांगत होती: सकाळी हिने उलट उत्तर दिले, दुपारी ते पडले.

आमच्या खोऱ्यात सातव्या दिवसाला भटजी उठून गेले की नातेवाईक बसतात. कर्ता वाऱ्याने गेला असेल तर सुनेने सगळ्यांसमोर कपाळ टेकून म्हणायचे, “माझ्या तोंडाने बाबा गेले.” एवढे म्हणून झाले की तिला माहेरी पाठवायचे की ठेवायचे, ते घरचे ठरवतात. माझ्या आठवणीत अशा चौघी परत गेल्या. त्यांतल्या दोघींना माहेरानेही घेतले नाही.

त्या दिवशी कुदोंच्या घरात आम्ही एकवीस जण बसलो होतो. सातोएची आई बसने आली होती. स्वयंपाकघरात तिने लेकीला समजावले की म्हणून टाक, दोन शब्दांनी काय होतंय, तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अडून राहील. सातोए पोरीला पाठीशी बांधून बाहेर येऊन बसली.

तोकुजिरोंचे धाकटे भाऊ गिनसाकु मध्यभागी होते. त्यांनी घसा खाकरून तिला सुरुवात करायला सांगितले. तेवढ्यात दार सरकले. नोरोबाई. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

“सुतकाच्या घरात कचेरीचं काय काम?” गिनसाकुंनी विचारले.

“मयत माणसाला निरोप द्यायला आलेय,” त्या म्हणाल्या. फोटोपुढे उदबत्ती लावली, हात जोडले, आणि तिथेच बसून वही उघडली. एकेक तारीख वाचली. चार वर्षांपूर्वीचा हिवाळा, दोनशे सहा. त्याच वर्षीचा उन्हाळा, एकशे अठ्ठ्याऐंशी. पुढचा हिवाळा, दोनशे दहा. शेवटी त्या म्हणाल्या, “पहिला आकडा लिहिला तेव्हा सातोए या घरात आलीही नव्हती. रागाने त्या दिवशी दाब वाढला असेल, मी नाही म्हणणार नाही. थंडीत तासभर फावडं मारल्यानेही वाढला असेल, साकेनेही. पण जी वाहिनी फुटली ती चाळीस वर्षं फुटत होती.”

गिनसाकु म्हणाले की कागदाला काय कळते, माणसे आम्ही पाहिली आहेत. मागून कोणीतरी पुटपुटले की स्वतःला नवरा मिळाला नाही, आता दुसऱ्यांची घरे मोडायला निघाली. हसण्याचा आवाज आला. मग गिनसाकु सातोएकडे वळले. “म्हण. आम्हाला घरी जायचंय.”

सातोएने हात टेकले. कपाळ टेकले नाही.

“मी माफी मागते,” ती म्हणाली. “पहिलं वर्षभर घाबरून खारट रांधत राहिले, त्याची. आई ‘अजून’ म्हणायच्या आणि मला माहीत असूनही मी अजून घालायचे. त्याची माफी मागते. बोलले त्याची नाही मागणार. बोलायला उशीर झाला मला.”

नोरोबाई तेवढ्यात मोतोइचीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही एकतीसचे. चार वर्षांत एकदाही हात पुढे केला नाहीत. आत्ता करा, सगळ्यांसमोर.”

मोतोइचीने बाही वर सारायला घेतली होती. किसाने झडप घालून त्याचा हात धरला.

“माझ्या पोराचा आकडा लिहायचा नाही,” ती म्हणाली. “घराण्यातच दाब आहे असं एकदा वहीत आलं, तर उद्या दुसरी सून कोण देईल आम्हाला?”

नवऱ्याला जाऊन सात दिवस झाले होते, आणि पहिली सून समोर बसली होती. मोतोइचीने बाही खाली ओढून घेतली.

सातोए उठली. तिला जा असे कोणी म्हटले नव्हते, थांब असेही कोणी म्हटले नाही. तिने गवती जोडे घातले, पोरीच्या डोक्यावर टोपी ओढली आणि बसच्या रस्त्याला लागली. आई मागून रडत गेली. मुलगी होती म्हणून पोरीला कोणी अडवले नाही. मुलगा असता तर ठेवून घेतला असता.

त्यानंतर नोरोबाईंना काढून टाकावे म्हणून कचेरीत अर्ज गेला. त्यावर आमच्यापैकी बहुतेकांच्या सह्या होत्या, माझीही. अनेक घरांनी त्यांना दार उघडणे बंद केले. सरपंचांनी बोलावून समज दिली, तेव्हा त्या म्हणाल्या की मला काढा, पण असेपर्यंत मी येणारच. पुढच्या सभेत त्यांनी लेकींच्या आयांना सांगितले: पोर देताना शेतं किती ते विचारता, मग जावयाने हात पुढे केलाय का तेही विचारा. आकडा मोठा असला म्हणून मुलगा वाईट ठरत नाही. पण जो मोजूनच देत नाही, त्याच्या घरी उद्या दोष तुमच्या लेकीवर येईल. त्या वर्षी तीन आयांनी विचारले. मोतोइचीसाठी किसाने पाहिलेली मुलगी याच प्रश्नापाशी अडली.

सातोए शहरात एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात लागली असे कळले. धाकटीचे लग्न ठरेपर्यंत माहेरी येऊ नको असे तिला सांगण्यात आले होते.

दोन वर्षांनी, बर्फ वितळू लागला तेव्हा, एका दुपारी मोतोइची कचेरीत आला. सगळे जेवायला गेलेले पाहून आला होता. त्याने बाही वर केली. नोरोबाईंनी पट्टा बांधला. एकशे शहाऐंशी. पाव तास गप्प बसवून पुन्हा मोजले. एकशे चौऱ्याऐंशी.

“आज सकाळी कोणाशी भांडण झालं?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“कोणी उलट बोललं?”

“घरात बोलायला आहे कोण? आई आणि मी.”

नोरोबाईंनी पाऱ्याची नळी त्याच्याकडे वळवली. “मग हा चढवला कोणी?”

मोतोइचीने नळीवरचा आकडा पुन्हा वाचला. मग हळू आवाजात म्हणाला की सातोएने माझ्या बापाला मारले नव्हते.

“हे मला सांगू नका,” नोरोबाई म्हणाल्या. “मला माहीत आहे. जिथे तिला बसवलं होतं तिथे, त्या सगळ्यांना बोलावून सांगा.” त्यांनी शहरातल्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली.

डॉक्टरांकडे तो गेला. गोळ्या घेतो, लोणचे सोडले. पण आम्हा एकवीस जणांना त्याने अजून बोलावलेले नाही. आणि त्याच्या बोलावण्याची वाट न पाहता आपण होऊन तेच सांगायला आम्हाला कोणी अडवले आहे, हे मला सांगता येत नाही.