पहिल्या प्रतीची राळ

तिने साच्यातली राळेची वडी अंगठ्याने ढकलून बाहेर काढली, एप्रनच्या टोकाला पुसली आणि खिडकीच्या उजेडात धरली. डावा डोळा मिटून, उजव्याने. पस्तीस वर्षं ती हे असंच करत आली होती.

"पहिली," ती म्हणाली.

चिठ्ठी लिहायला बसलेल्या केमिस्टांचं पेन हवेतच राहिलं.

"बाई, हा ओढ्याकाठचा माल आहे. साबणाला जाणारा."

"असू दे की. राळ बघा ना. पाणी आहे नुसतं."

केमिस्ट भिडस्त स्वभावाचे. शिवाय पारखीबाईंनी प्रत सांगितल्यावर त्यावर कुणी काही बोलायचं, अशी त्या कारखान्यात रीतच नव्हती. पाइनच्या झाडांना चरे पाडून गोळा केलेला चीक डब्यांतून इथे यायचा, वितळायचा, गाळला जायचा. त्यातलं टर्पेंटाईन वाफेबरोबर निघून गेलं की खाली राळ उरायची. प्रत्येकाच्या चिकाची एक वडी पाडायची, ती हिने उजेडात धरायची आणि एक शब्द बोलायचा. तिसरी म्हटलं की माल साबणाला नाहीतर कागदाच्या गिरणीला. दुसरी म्हटलं की रंगाला, जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्यांना. पहिली वार्निशवाल्यांना, आणि त्यातही अगदी निवडक राळ जायची एका म्हाताऱ्या कारागिराकडे, जो व्हायोलिनच्या गजाला घासायच्या टिकिया बनवायचा.

केमिस्ट अखेर उठले. कपाटावरून त्यांनी एक लाकडी पेटी खाली काढली आणि तिच्यावरची धूळ फुंकली. आत रंगीत काचेचे ठोकळे होते, फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने लावलेले. राळ या काचांशी ताडून बघायची असते. तिने दहाबारा वर्षांत पेटीला हात लावला नव्हता. काचा नवशिक्यांसाठी, ती म्हणायची, आणि ते खरंही होतं.

वडी तिसऱ्या काचेशी जुळली. साबणाला जाणारी राळ होती ती, त्यात शंकाच नव्हती.

"ऑपरेशनला तीनच आठवडे झालेत, बाई," केमिस्ट घाईघाईने म्हणाले. "डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो."

तिने वडी पुन्हा खिडकीकडे धरली. या वेळी उजवा डोळा मिटला आणि डावा, ऑपरेशन व्हायचा राहिलेला डोळा उघडला. वडी चहासारखी दिसली. डावा मिटून उजवा उघडला, पाणी. पुन्हा डावा, चहा. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टर हसत म्हणाले होते, तुमच्या डोळ्यातलं भिंग पिवळं पडून पार चहा झालं होतं हो, इतके दिवस चालवलंत कसं? तीही हसली होती. बसचे नंबर वाचता येईनात म्हणून ती डॉक्टरांकडे गेली होती. राळेचा विचार तिच्या मनालाही शिवला नव्हता.

"जुन्या वड्या ठेवलेल्या असतात ना आपल्याकडे?" तिने विचारलं.

"दीडएक वर्षाच्या असतात. कुणाच्या हव्या..."

विचारता विचारताच त्यांना कळलं. त्यांनी खिशातून कपाटाच्या किल्ल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या, आणि "बॉयलर बघून येतो जरा," असं म्हणत ते बाहेर पडले. बॉयलरवर वेगळा माणूस होता.

दादाच्या अकरा वड्या निघाल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, आणि तारखेखाली तिनेच सांगितलेली प्रत. दुसरी. दुसरी. दुसरी.

दादा तिचा सख्खा थोरला भाऊ. चाळीस वर्षं चीक काढणारा. त्याचा चरा बोटभर रुंद, नेटका, झाडाला लागेल न लागेल असा. चिकात सालीचा कण सापडायचा नाही. म्हाताऱ्या कारागिराला बहुतेक वेळा त्याचीच राळ जायची. एकदा त्या कारागिराने आठवण म्हणून एक टिकिया पाठवली होती, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून. ती दादाच्या सदऱ्याच्या खिशात असायची. दादाचा गळा असा, की तो गुणगुणायला लागला तर वहिनी उठून दार लावायची. पण कुठे व्हायोलिन ऐकू आलं की तो थांबायचा आणि शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणायचा, "ऐक, आपली झाडं वाजतायत."

दीड वर्षापूर्वी एका सकाळी तिने त्याची वडी उजेडात धरली आणि तिला ती मळकट वाटली. चीक घालायला आलेली आणखी सातआठ माणसं मागे उभी होती.

"दुसरी," ती म्हणाली.

दादा हसला. "चिमे, पुन्हा बघ."

घरचं नाव त्याने चारचौघांत घेतलं, ते तिला लागलं. सख्ख्या भावाला ती झुकतं माप देते, असं कुणी म्हणू नये म्हणून जन्मभर जपली होती ती.

"इथे चिमी कुणी नाही," ती म्हणाली. "काय मिसळलंयस यात? मागच्या वर्षीचा चीक घातलास ना?"

दादा तिच्याकडे बघत राहिला, रागाने नाही, काहीतरी शोधल्यासारखा. मग त्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि म्हणाला, "तू म्हणतेस तर दुसरी."

त्यानंतरच्या दहा खेपांनाही ती दुसरीच म्हणाली. त्याने पुन्हा कधी तिला 'बघ' म्हटलं नाही. काचांची पेटी मागायचा त्याला हक्क होता. ती त्याने एकदाही मागितली नाही. त्याच्या गप्प बसण्याचा तिने एकच अर्थ लावला होता. चोर पकडला गेला की गप्पच बसतो.

पुढे कुणीतरी सांगितलं, त्याने आपली जुनी झाडं सोडलीत आणि तो पार डोंगरमाथ्यावरच्या धारेवर जातोय. या वयात कशाला तडफडायला जातो तिकडे, एवढंच ती म्हणाली होती. वाळलेल्या पाइनच्या सुयांवरून पाय बर्फावरून सरकावा तसा सरकतो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तो घरी परतला नाही. धारेवरून खाली आला तो दुसऱ्या दिवशी, चौघांच्या खांद्यावर. तिने त्याचं तोंड पाहिलं ते त्याच पिवळ्या डोळ्यांनी. लोक म्हणत होते, किती पांढराफटक पडलाय. आणि तिला वाटत होतं, छे, नेहमीसारखाच तर दिसतोय.

ती एकेक वडी उजव्या डोळ्याने बघत गेली. मग स्वतःवर विश्वास नको म्हणून प्रत्येक वडी काचेशी ताडली. अकराच्या अकरा पहिल्या काचेशी जुळल्या. काहींपुढे तर पहिली काचच मळकी वाटत होती. ठेवून ठेवून राळ उजळ झाली असेल, असं म्हणायचीही सोय नव्हती. ठेवलेली राळ गडद होते. उजळ कधीच होत नाही.

तिने वड्या होत्या तशा परत लावल्या. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

दुपारी ती वहिनीकडे गेली. वर्षभरात ती तिथे दोनदाच गेली होती, आणि दोन्ही वेळा चपला न काढता दारातूनच परतली होती. वहिनी मागच्या पायरीवर मटार सोलत बसली होती. तिने नणंदेकडे पाहिलं, पायरीवरची पाटी उचलून मांडीवर घेतली आणि जागा करून दिली.

"बसा, वन्सं. डोळा कसा आहे?"

"वहिनी, मला तुला काही सांगायचंय."

वाटभर तिने वाक्यं जुळवत आणली होती. पण तोंडातून निघालं ते उलटसुलट, शेवट आधी आणि सुरुवात मागाहून. अकरा वड्या. पहिली काच. चहासारखं भिंग. तो काहीच मिसळत नव्हता, वहिनी, मलाच दिसत नव्हतं. मी त्याला सगळ्यांसमोर चोर ठरवलं.

वहिनीच्या बोटांतली शेंग फुटली, दाणे पाटीत पडले. तिने पुढची शेंग घेतली.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुमच्या डोळ्यांचं." वहिनी शेंगेकडेच बघत होती. "आम्ही आतल्या खोलीला नवा रंग दिला होता, आठवतं? तुम्ही आलात आणि म्हणालात, पिवळा छान दिसतोय. भिंत पांढरीफेक होती, वन्सं. तुम्ही गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग ते एकदम हसायचे थांबले. त्याच आठवड्यात तुम्ही त्यांना दुसरी म्हणाला होतात."

तिने पाटीतली एक शेंग उचलली, पण सोलली नाही.

"मी म्हटलं, जा आणि सांगा केमिस्टसाहेबांना. काचा लावून बघायला लावा. तर माझ्यावरच उखडले. म्हणाले, काचा लावल्या तर तिचं काय राहील? नवरा गेला, पोरगी लांब. सगळे तिला पारखीबाई म्हणतात, तेवढ्यावर ती सकाळी उठते. दोन वर्षांनी निवृत्त होईल. तोवर माझी राळ चिकटपट्टीला गेली तर जाऊ दे. कुणाचं तरी खरचटलेलं झाकेल."

"मला तरी सांगायचं, वहिनी! मला एकटीला. डॉक्टरकडे गेले असते मी."

"सांगायला निघाले होते दोनदा. कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. म्हणाले, ती त्या खिडकीशी कशी उभी असते, तू बघितलं नाहीस." वहिनीने ओंजळभर सालं बाजूला सारली. "आणि माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाले, चिमीला तुझ्या तोंडून कळलं असं होता कामा नये. आज तुम्ही आपणहून आलात म्हणून बोलतेय. नाहीतर तोंड उघडलं नसतं. मला राग यायचा तुमचा. अजूनही येतो मधूनच. खोटं कशाला सांगू?"

"येऊ दे," ती म्हणाली. "पण मग तो धारेवर का गेला? माझ्या एका शब्दासाठी?"

वहिनीचे हात थांबले.

"ते म्हणायचे, वरची झाडं कोवळी आहेत, वारा स्वच्छ आहे, राळ काचेसारखी निघेल. इतकी उजळ, की तिला चुकताच यायचं नाही. म्हणजे ती पण खरी, आणि मी पण खरा."

अंगणापलीकडे कुणीतरी गादी झोडपत होतं. तिने तोंडाला पदर लावला, पण रडू आलं नाही. वहिनी पाटी खाली ठेवून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती.

"पडले त्याच्या आदल्या आठवड्यात वरचा पहिला चीक आणला होता त्यांनी. डबाभरसुद्धा नव्हता. म्हणाले, कारखान्यात न्यायच्या आधी मीच वडी पाडून बघतो. इथेच शेगडीवर. घरभर वास, मी ओरडतेय, आणि हे पोरासारखे खूश. पुढच्या खेपेबरोबर तुम्हाला दाखवायला आणणार होते." तिने पुरचुंडी पुढे केली. "मला त्यातलं कळत नाही. वर्षभर नुसती उघडते आणि परत बांधून ठेवते. कशी आहे, सांगा ना."

तिने गाठ सोडली. वडी एका बाजूला कलती झाली होती, साचा म्हणून वाटी वापरली असावी. ती पायरीवरून उठली आणि उन्हाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. डावा डोळा मिटला.

वडीत मधोमध धुरकट पट्टा होता. कडेला तांबूस झाक होती. घरच्या शेगडीवर चीक जास्त तापतो, ते तिने धरलं. वर्षभर ठेवल्याने राळ जेवढी गडद होते तेवढीही तिने वजा केली. वडी फिरवून दुसऱ्या बाजूने बघितलं, तिसऱ्या बाजूने बघितलं. तरी ती दुसरीच ठरत होती. वरच्या धारेवरची जमीन मुरमाड. तिथल्या झाडांना अशीच राळ येते, हे तिला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. त्याने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

वहिनी पायरीवर उभी होती. दोन्ही हात तिने पोटाशी घट्ट धरले होते.

"पहिली," ती म्हणाली. आपला आवाज कुठे हलला तर नाही ना, म्हणून तिने पुन्हा एकदा म्हटलं, "पहिली आहे, वहिनी. अशी राळ मी उभ्या जन्मात पाहिली नाही."

"असणारच," वहिनी म्हणाली, आणि वडी परत घ्यायला तिने हात पुढे केला.