डब्यावर बसलेला संगणक

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कोणाचाच बसलेला नाही. मी एक जुना संगणक आहे, आणि उभ्या आयुष्यात मी हजारो पत्रे वाकवले आहेत, तेही एकाही पत्र्याला हात न लावता. हसा, खुशाल हसा. वाद घालायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही.

सध्या माझा मुक्काम पत्र्याच्या कारखान्यात, जिन्याखालच्या कोपऱ्यात, एका जाड ॲल्युमिनियमच्या डब्यावर आहे. कळफलकाच्या दोन कळा निखळल्या आहेत, पाठीच्या जाळीत धूळ साचली आहे. पण एके काळी माझा काय थाट होता! माझा पंखा असा भन्नाट फिरायचा की पलीकडच्या टेबलावरच्या लोकांनी घरून स्वेटर आणले होते.

माझ्यासमोर ताई बसायची. ड्रॉइंगचं सगळं काम तिचं. ती पडद्यावर आधी डबा उभा करी, कडा दुमडी, भोकं पाडी, मग एक कळ दाबून अख्खा डबा कागदासारखा सपाट उलगडी. तोच सपाट आकार शेजारच्या खोलीत लेझरवर कापला जाई आणि मशीनवाले काका तो वाकवून पुन्हा डबा करत. यात एक खोच आहे. पत्रा वाकताना थोडा ताणला जातो. किती ताणला जाईल ते जाडीवर ठरतं, आणि तो हिशोब माझ्या पोटात असे. माझा हिशोब म्हणजे दगडावरची रेघ, असं सगळे म्हणत. म्हणजे मी तरी तसंच ऐकलं आहे.

एकदा दवाखान्यातल्या यंत्रांसाठी दहा डब्यांचं काम आलं. त्याआधीचं काम फसलं होतं, त्यामुळे मालक आतून धुमसत होते. ते ताईच्या टेबलाशी आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "हेही चुकलं तर ड्रॉइंग मी बाहेरून करून घेईन, ताई. मग हे टेबल ठेवून काय करू?"

ताईने खुर्ची पुढे ओढली. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

गिऱ्हाइकाने ऐनवेळी पत्रा जाड मागितला. ताईने जाडीचा आकडा बदलला, ताणाचा आकडा मात्र जुन्या पातळ पत्र्याचाच राहिला. जाडी बदलली की तो आपोआप बदलतो, असा तिचा माझ्यावर भरवसा. तो का बदलला नाही, ते जाऊ द्या.

महत्त्वाचं हे की मी ते पाहिलं. ताई फाइल लेझरवर पाठवणार, इतक्यात मी श्वास रोखला, पंखा थांबवला आणि डोळे मिटून घेतले. पडदा काळाठिक्कर. काका डोकावून म्हणाले, "गेला वाटतं म्हातारा." मी हूं की चूं केलं नाही. शेवटी मला पुन्हा चालू करून ताईने सगळे आकडे पहिल्यापासून तपासले. चूक सापडली. नखाएवढाही पत्रा वाया गेला नाही, सगळी झाकणं चपखल बसली, आणि ताईचं टेबल जागच्या जागी राहिलं.

पुढे नवा, सडपातळ संगणक आला आणि मी जिन्याखाली. तक्रार नाही, नुसता थकवा आहे. मित्रांनो, ज्यांनी तुमच्यासाठी असा जीव पणाला लावला, त्यांच्या अंगावरची धूळ अधूनमधून पुसत जा. त्या दिवशी पत्रा कापला जाण्याआधी मी थांबवलं नसतं, तर...

"आजोबा."

आवाज खालून आला. मी ज्याच्यावर बसलो आहे, तो डबा बोलत होता.

"कापण्याआधीच थांबवलंत, तर मी कुठून आलो? माझं झाकण अजून बसत नाही, म्हणून तर तुम्हाला वर बसवलंय. ताई मला हातात घेऊन मालकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, 'चूक माझी आहे. आकडा मी तपासायला हवा होता. बाकीचे बरोबर करून देते.' तिचं टेबल राहिलं ते त्या बोलण्यामुळे. आणि फाइल लेझरवर गेली तेव्हाही, ती बोलत होती ना आजोबा, तेव्हाही तुमचा पडदा लख्ख चालू होता."