नव्या आळीने अडवलेली वाट

संस्थान विलीन झालं तशा जव्हारात कचेऱ्या वाढल्या, कचेऱ्यांबरोबर कारकून वाढले आणि कारकुनांबरोबर घरं. जुन्या गावात जागा पुरेना, म्हणून उताराच्या कडेला नवी आळी उभी राहिली. चांगलंच झालं म्हणा. पण माणसाला चार भिंती मिळाल्या की पाचवी सुचते, त्याला काय करायचं?

सखाराम मूळचा जामसरच्या शेतकऱ्याचा मुलगा. शिकला, कचेरीत चिकटला आणि आई भागी नि धाकटी बहीण कमू यांना घेऊन नव्या आळीत राहायला आला. त्याच्या घराशेजारच्या बोळातून डोंगरपाड्यांची माणसं बाजाराला जात. कुणाच्या डोक्यावर मोळी, कुणाच्या पाटीत भाजी, मागे दोनचार शेळ्या. सखारामाला ते खुपायला लागलं.

"सरकारी माणसांची आळी ही. खिडकीखालून शेळ्या जातात, शोभतं का?" असं म्हणून त्याने बोरीच्या काट्या आणवल्या आणि बोळ बंद केला. शेजाऱ्यांना ही युक्ती भलतीच आवडली. बघता बघता आळीतले सगळे बोळ काट्यांनी बुजले. आता बाजार गाठायचा तर टेकडीला वळसा.

"आता कसं शांत वाटतं," सखाराम म्हणाला.

"शांत तर मसणवटापण असतो," भागी म्हणाली आणि चुलीकडे वळली.

भाजीवाली नवशी यायची थांबली. मोळीवाले थांबले. रुसले असतील, येतील वळसा घालून, असं सखारामाने धरलं.

अशात कमूला खोडाळ्याचं स्थळ आलं. भागीचा थोरला भाऊ पुंजा यानेच ते जमवत आणलं होतं आणि तोच पाहुण्यांना घेऊन येणार होता. ठरल्या दिवशी भागीने पहाटेपासून रांधलं. कमू नवं लुगडं नेसून बसली. दिवस कलला, तरी कुणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी आळीच्या तोंडाशी हाक आली. "भागे, हायेस का गं?"

पुंजामामा लांब रस्त्यातच उभा होता. भागी धावत बाहेर आली. तिला बघताच म्हातारा मटकन खाली बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"समदी धडधाकट हायेत ना?"

"आम्हाला काय धाड भरलीय? दादा, काल का आला नाहीस?"

"आलो होतो की. खोडाळ्याची माणसं घेऊन खालच्या पायवाटेनं आलो. बघतो तर हरेक बोळाच्या तोंडाला काट्या. वाटेवर काट्या कधी टाकतात गं? पाड्यात देवीची साथ आली, की बाहेरच्यानं आत येऊ नये म्हणून. आम्ही हात जोडले आन माघारी फिरलो. रातभर डोळ्याला डोळा नाय लागला माझ्या."

सखाराम चपापला. लहानपणी जामसरला त्याने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. कचेरीच्या खुर्चीत बसून सगळं विसरला होता.

"खोडाळ्याच्या बाजारात बोलणं पसरलंय," मामा म्हणाला. "जव्हारच्या नव्या आळीत देवीची साथ हाय म्हणून. पोराच्या बापाला दुसरं स्थळ सांगून आलंय."

कमू दाराआड उभी होती. ती भावाकडे बघत राहिली.

"मी आजच जातो आणि खरं काय ते सांगतो," सखाराम म्हणाला.

"किती जणांना सांगशील? तुझं तोंड एक, आन काट्या साऱ्या डोंगराला दिसतात. आधी त्या काढ."

"पण मामा, पुन्हा शेळ्या, पुन्हा वर्दळ..."

"असू दे की. गाव वाढायलाच हवं. पण घरं लांबच्या लांब पसरली आन मधी वाटच ठेवली नाय, तर त्याला गाव म्हणत नाय, कोंडवाडा म्हणतात. शेळ्या बाहेर राहिल्या आन तुम्हीच आत कोंडलात."

सखारामाच्या वर्मी घाव बसला. "चुकलो मामा, साफ चुकलो!" तो म्हणाला आणि कोयता घेऊन बोळाकडे गेला. हात ओरबाडले, सदरा फाटला, पण त्याने काटी न् काटी उपसली. मग तो घरोघरी फिरला. थोरले कारकून कुरकुरले, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "रावसाहेब, तुमच्याही घरात लेकी आहेत." संध्याकाळपर्यंत आळीतले सगळे बोळ मोकळे झाले.

मामा पुन्हा खोडाळ्याला गेला आणि पाहुण्यांची समजूत घालून त्यांना घेऊन आला. मुलाचा बाप नवसू बोळातच थांबला.

"आज काढल्यात काट्या. उद्या परत टाकल्यात, तर आमच्या सुनेनं माहेरी यायचं कुठून?"

सखारामाने बोळाची कड दाखवली. आपलं कुंपण त्याने हातभर आत घेतलं होतं. "आता बैलगाडी जाते इथून. ही वाट पुन्हा बंद होणार नाही, माझा शब्द."

नवसूने बोळ नीट न्याहाळला. "गाडी जाते म्हणता, मग वरात पण जाईल. चला आत, पोरगी बघू."

मंडळी, आपली गावं आता वाढणारच आहेत. खुशाल वाढू द्या आणि घरंही टोलेजंग बांधा. पण पायाची रेघ मारण्याआधी लोकांची वाट सोडा. दुसऱ्याची वाट अडवणाऱ्याच्या दाराशी शेवटी आपलं माणूसही पोचत नाही.