भोंग्याने काढलेली खरखर

"ताई, आवाजातलं तुम्ही मला शिकवू नका! उभं आयुष्य स्पीकर उघडण्यात गेलंय माझं!"

"मग उघडा ना स्पीकर! माझी बहीण काय स्पीकर आहे?"

भांडण दुकानात चाललं होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला टेकून पोटं फाडलेले स्पीकर, टेबलावर वायरींचा गुंता, आणि खुर्चीत दुकानदाराची बायको. नववा महिना, दोन्ही हात पोटावर. तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली भोंगा म्हणायची. एक तर तो भोंगे दुरुस्त करायचा, आणि दुसरं म्हणजे हळू बोलणं त्याला माहीतच नव्हतं.

मुद्दा साधा होता. सकाळपासून बाळाची हालचाल कमी झाली होती. रोज जेवण झालं की दणादण लाथा मारणारं पोर आज जेमतेम एकदा कूस बदलल्यासारखं वाटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, हालचाल कमी वाटली तर लगेच या, पोटाला पट्टा लावून ठोके बघू. बायकोने हे बहिणीला फोनवर सांगितलं आणि ताई कामावरून तशीच धावत आली.

"गुणी आहे गं पोर," सासूबाई आतून म्हणाल्या. "आईला त्रास देत नाही. बापावर गेलं नाही म्हणजे मिळवलं!"

भोंग्याकडे उपाय तयार होता. घरी ठोके ऐकायचं एक छोटं यंत्र त्याने मागवलं होतं. त्याचा आवाज बारीक येतो म्हणून वायर काढून थेट मोठ्या स्पीकरला जोडलं होतं. शेजारीपाजारी ऐकून गेले होते. काय ते कौतुक! आताही त्याने बायकोच्या पोटाला जेल लावून यंत्र टेकवलं. स्पीकरमधून नुसता कल्ला. घूंऽ, खर्रर्र, आणि त्याच्या मागे काहीतरी बारीक, घाईघाईचं, मध्येच अडखळणारं.

"ते काय आहे?" ताईने विचारलं.

"खरखर. थांबा, काढतो."

त्याने एक बटण खाली केलं, दुसरं वर. खरखर गेली. ते बारीकही गेलं. खोलीभर घुमायला लागलं, धप्... धप्... धप्... टेबलावरचे स्क्रू नाचायला लागले.

"बघा! एकदम ठणठणीत!"

बायको हसली. सासूबाई हसल्या. ताई नाही हसली. तिने बहिणीचं मनगट धरलं, नाडीवर बोट ठेवलं आणि स्पीकरकडे बघत राहिली.

"भाऊजी, हे हिचंच आहे. नाडी आणि हा ठोका एकदमच पडतोय. माझ्या वेळी दवाखान्यात ऐकलंय मी. बाळाचं काळीज कसं पळत असतं! हे कुठे पळतंय?"

तिथून पेटलं सगळं.

"म्हणजे मी वेडा?" भोंगा ओरडला.

"वेडे नाही. पण डॉक्टरही नाही! तिथे चांगला वेळ पट्टा ठेवतात. कागदावर रेघ निघते. ठोका कमी-जास्त कसा होतोय ते बघतात. तुम्ही क्षणभर ऐकता आणि खूश!"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. दोघंही तिचेच.

"उद्या सकाळी जाऊ," ती म्हणाली. भांडण मिटावं म्हणून, बाकी काही नाही. मंडळी, भांडण मिटावं म्हणून बायका काय काय बोलून जातात! आणि आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो. लाज वाटली पाहिजे आपल्याला!

सकाळी दवाखान्यात पट्टा लावला. नर्सने पट्ट्याखालची चकती इकडे सरकवली, तिकडे सरकवली, आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला बाहेर गेली. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सोनोग्राफी लावली, पडदा हळूच स्वतःकडे वळवला. बराच वेळ बघितलं. मग बायकोचा हात हातात घेतला.

"ठोके नाहीत, बाळा."

"असं कसं?" भोंग्याचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला. "काल मी ऐकलेत! एवढे मोठे, धप् धप्!"

त्याने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं.

"ते आईचं असणार. बाळाचे ठोके जलद असतात. घरच्या यंत्रात तर बारीक येतात, पटकन ओळखूही येत नाहीत."

बारीक. घाईघाईचे. भोंगा भिंतीला टेकला.

"काल आणलं असतं तर?"

"वाचलंच असतं असं मी खोटं सांगणार नाही. पण बघता आलं असतं. कदाचित काही करताही आलं असतं."

तरी बाळंतपण चुकलं नाही. कळा आल्या, सगळं झालं, फक्त रडण्याचा आवाज आला नाही. मुलगी होती. नखंसुद्धा पूर्ण होती. भिंतीपलीकडे कुणाचं तरी बाळ टाहो फोडत होतं.

भोंगा बायकोजवळ बसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज इतका खाली गेला होता. "ती खरखर नव्हती गं. ती आपली पोरगी होती. मी बटण फिरवलं."

ती छताकडे बघत होती.

"मी सकाळपासून सांगत होते," ती म्हणाली. "सगळे माझ्या पोटाचं ऐकत होते. माझं कुणीच ऐकलं नाही."



दुकान कितीतरी दिवस बंद होतं. उघडलं, तेव्हा मोठा स्पीकर टेबलावर नव्हता. एका दुपारी ओळखीचा रंगारी आला. कपड्यांवर चुना, बगलेत जुना स्पीकर.

"भोंगाशेठ, पोटातलं ऐकायचं जोडून देता म्हणे? बायकोला आठवा महिना आहे. आज तिला पोर जरा गप्प गप्प वाटतंय. म्हटलं ऐकून खात्री करू."

"तिला वाटतंय ना?"

"बायकांना काय, काहीही वाटतं!"

"अरे काहीही वाटत नाही!" भोंगा असा ओरडला की रंगारी दोन पावलं मागे गेला. "पोर तिच्या पोटात आहे, तुझ्या नाही! तिला कमी वाटलं म्हणजे कमी आहे. कान लावून बसायचं नाही, यंत्र आणायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. उठायचं आणि दवाखान्यात जायचं! सगळं नीट निघालं तर हसत परत यायचं. फुकट फेरी झाली म्हणून कुणी मरत नाही! कुठे आहे ती?"

"घरी."

"चल."

"आणि हा स्पीकर?"

"ठेव कुठेही. मला आता निघायचंय."