सेवेरिनोच्या तोंडचा शब्द

मी एस्पेरार बोलतोय. दचकू नका, मी माणूस नाही. स्पॅनिश भाषेतला एक शब्द आहे, मीठ-मिरचीसारखा रोज लागणारा. बसची वाट बघायची तर मी. पाऊस पडेल अशी आशा धरायची तरी मीच. बाईला दिवस गेले, की तेही माझ्याच मदतीने सांगतात. एवढी कामं एकट्याच्या गळ्यात!

मी मूळचा लॅटिनच्या घरचा. तिथे मी नुसती आशा होतो, खाऊनपिऊन सुखी. स्पेनमध्ये आल्यावर लोकांनी वाट बघणंही माझ्यावर ढकललं. त्यांना दोन्ही एकच वाटत असावं. गरिबाला वाटतंच तसं.

स्पेनच्या सेवेरिनोने मला नेदरलँड्सला आणलं. तरुणपणी तो आइंडहोव्हनच्या कारखान्यात कामाला आला, डच शिकला, जवळच्या न्यूनेन गावात घर केलं. बायको इथेच वारली. म्हातारपणी त्याला विसरण्याचा आजार जडला आणि डच भाषा आधी गेली. उरलो आम्ही, आईच्या तोंडून ऐकलेले शब्द. त्याची मुलगी इनेस इथेच वाढलेली. आम्ही तिला कळायचो, पण तिच्या तोंडून डचच निघायचं. मग बापलेक समोरासमोर बसून गप्प.

शेजारी मृणालिनी राहायची, मूळची पुण्याची. तिचा नवरा रुचिर कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या मशिनांवर काम करायचा. ऑफिसच्या कामासाठी तिने पुण्यात स्पॅनिशचे क्लास केले होते. एकदा कुंपणापलीकडून तिने सेवेरिनोला त्याच्या भाषेत हाक मारली, तेव्हा म्हातारा रडलाच. मग रोज दुपारी ती वाटीभर काहीतरी घेऊन यायची. शेवयांची खीर त्याला फार आवडायची.

"तुमचं बरंय," ती म्हणायची. "आमच्यात आशा वेगळी आणि वाट बघणं वेगळं."

"वेगळं कसं?" तो चकित व्हायचा. "आशा नसेल तर माणूस खुर्चीतून उठून जाईल की!"

निघताना ती मराठीत "येते हं" म्हणायची आणि लगेच त्याला अर्थ सांगायची. आमच्यात "जाते" म्हणत नाहीत, अशुभ असतं. सेवेरिनोला ही रीत भारीच पटली. सकाळपासून तो खिडकीशी बसायचा आणि कुणी विचारलं की मला पुढे करायचा, "तिची वाट बघतोय." आणि दुपारी ती यायचीच. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते.

पुढे रुचिरला हेगजवळ नोकरी मिळाली. बिऱ्हाड तिकडे लांब, झूटरमेर गावी हलवायचं ठरलं. इनेसने मृणालिनीला बजावलं, "त्यांना स्पष्ट सांग, आता येणार नाहीस म्हणून. नाहीतर ते बसून राहतील."

मृणालिनी सांगायलाच गेली होती. म्हातारा तिच्याकडे बघून हसत होता आणि तिची जीभ काही रेटेना. दारात पायात बूट सरकवताना सवयीने तोंडून निघून गेलं, "येते हं."

व्हायचं तेच झालं. तो खिडकी सोडेना. अंघोळ नाही, जेवण जेमतेम. वृद्धाश्रमात त्याच्यासाठी खोली मिळाली होती, ती हातची जायची वेळ आली. इनेस कोट घेऊन उभी राहिली, की तो मला ढालीसारखा धरायचा, "वाट बघतोय." मी दमलो होतो, पण मोडलो नव्हतो.

शेवटी इनेसने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "प्लीज, तूच सांग त्यांना."

"आजोबा," मृणालिनी रडत रडत स्पॅनिशमध्ये म्हणाली, "मी येणार नाही. माझी वाट बघू नका."

ते वाक्य तिने मलाच वापरून म्हटलं. वाट बघणं काढून घ्यायचं आणि आशा तेवढी मागे ठेवायची, अशी सोय माझ्यात नाही. दोन्ही गेलं. म्हातारा उठला आणि इनेसने धरलेल्या कोटात निमूटपणे हात घातले.

मृणालिनीला राहवेना. काही आठवड्यांनी ती ट्रेनने वृद्धाश्रमात आली, डब्यात खीर घेऊन. सेवेरिनो भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिने त्याचा हात हातात घेतला. "आजोबा, मी आले."

त्याने तिच्याकडे सभ्यपणे पाहिलं. "बाई, तुम्ही कुणाला शोधताय?"

ती डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

सेवेरिनोने मला पुन्हा कधी उच्चारलं नाही. तिथे नर्स वेळेवर येतात, वेळेवर जातात, जेवण वेळेवर येतं. कुणाची वाट बघायची गरजच नाही. जगात कोट्यवधी लोकांच्या तोंडी मी आहे, माझं काही अडायचं नाही. पण या एका तोंडात मी मेलो, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. वाचकहो, कुणाला "वाट बघू नका" म्हणण्याआधी त्याच्याजवळ दुसरं काही उरलंय का, तेवढं बघा.